मेघाली किती मिनिटं खेळली

…नाय नाय, पाऊस नाय यायचा, बसा तुमी निवांत. नुसतं मळभ हाय. सकाळपासून वारा पडलाय बघा, माडाचं पान हलत नाय — आणि वारा नसला की बोंबील सुकत नाय, ओला राहतो, वास धरतो — तो पलीकडे जिवल्या, शेजारी माझा, दहादा येऊन दोरीवरचे बोंबील चाचपून गेला. पौषात असली हवा कधी बघितली नव्हती. खुर्ची हलते ती, भिंतीला टेकवून घ्या. चहा दिला असता, पण सून मासळी घेऊन पालघरच्या बाजारात गेलीय आणि मुलगा बोईसरला कंपनीत, पहिली पाळी. मला चूल पेटवता येते पण चहा माझ्या हातचा कोणी पीत नाय, मेघाली म्हणायची, आबा, हा चहा नाय, काढा हाय. मेघाली? नाय, तीपण नाय घरात. ते बोलू नंतर. आधी तुमचं सांगा. फोनवर म्हणालात ना, रामनाथकाका, तुमच्या नातीच्या खेळाबद्दल बोलायचंय — मग बोला. त्या लॅपटॉपात ती हाय म्हणता, ती दाखवा.

दर मिनिटाला — हे परत सांगा. हं. म्हणजे पोरीनं एकूण किती गुण केले तेवढंच नाय बघायचं, मैदानात किती वेळ होती ते बघायचं, आणि एकेका मिनिटाच्या वाट्याला किती आलं ते काढायचं. कळलं हो. शाळेत नाय गेलो, पण हे कळलं. आमची डोल असते ना — जाळ्याची मोठी पिशवीच ती, खुंटाला बांधून वाहत्या पाण्यात सोडायची, मासा आपोआप आत येतो — तर कोणाच्या डोलीतून दोन पाट्या निघाल्या आणि कोणाच्या एकच, म्हणून दोनवाला मोठा का? नाय. त्याची डोल किती वेळ पाण्यात होती ते विचारायचं आधी. आणि पाणीपण उधाणाचं पाहिजे, अमावास्या-पुनवेचं. मधल्या दिवसांत भांगाचं पाणी, ते नुसतं पडून असतं, त्यात डोल लावून काय करणार — तेव्हा डोली घरी आणि आमी पत्ते खेळत ओट्यावर. जाऊ दे, माझं काय ऐकता. तर ह्या तुमच्या हिशेबात आमची मेघाली कुठं बसते? … वर? किती वर? पालघर, बोईसर, सगळ्या कॉलेजांच्या पोरींत? त्या तारापूरच्या कॉलनीतल्या उंच पोरी असतात, त्यांच्याही वर? … थांबा सर. जरा थांबा. तो तांब्या द्या इकडे.

नाय, काय नाय झालं. सांगतो. ही पोर घरी यायची ना खेळून, शेवटच्या एसटीनं, दप्तर टाकायची तिथं उंबऱ्यात आणि म्हणायची, आबा, आज मी लय भारी खेळली. दर वेळी. आई म्हणायची, हात धू, जेव. मी म्हणायचो, किती गोल केलेस, आणि ती हसायची, आबा, गोल नाय हो, बास्केट म्हणतात. तर गेल्या साली एकदा मी गेलो बघायला. तिला नाय सांगितलं. मी आणि हा जिवल्या, त्याला पालघरला कोळंबी पोचवायची होती, त्याच्याच टेम्पोतून. तिच्या कॉलेजचं मैदान, समोर तारापूरवाल्या. आमी मागं झाडाखाली बसलो, ती बघणार नाय असं. आणि सर, मेघाली बाकावर. पहिल्यापासून बाकावर. मांडीवर टॉवेल आणि एक पाय नाचवत — होडीत बसली की तसाच पाय नाचवायची, लहान होती तेव्हापासून. बाकीच्या पोरी दमून यायच्या, ही उठून बाटली द्यायची, परत बसायची. जिवल्या तोंडाचा वाईट, तो म्हणाला, काय रे रामनाथ, नात तर पाणी पाजायला ठेवलीय. मी हसलो. काय करणार. मग आमी उठलो. पाण्याची वेळ झाली होती, डोल काढायची होती, ते काय कोणासाठी थांबत नाय. आणि त्या रात्री ती आली, दप्तर टाकलं, म्हणाली, आबा, आज मी लय भारी खेळली. मी म्हटलं, हो का, छान. असं म्हटलं आणि कूस बदलली.

मग पुढं नेहमीच म्हणायचो, हो का, छान. तिनं काय ओळखलं असेल, नसेल. मला वाटायचं, पोर माझ्यासाठी सांगते. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून. त्यात रागवायचं काय? पण गोल किती केलेस ते मी परत विचारलं नाय कधी.

तिला निवडीच्या शिबिराला पाठवायचं म्हणता. कुठं, मुंबईला? … सर, तुमच्या कागदावर तिचं नाव, गाव, फोन, सगळं बरोबर हाय. पण जुनं हाय ते. गणपती झाले आणि तिला ताप आला. डेंग्यू निघाला. इथून पालघर, पालघरहून पुढं, मुलानं धावपळ केली सगळी — नाय राहिली ती. फोनवरच सांगायला पाहिजे होतं मी तुमाला. उगाच एवढ्या लांब दातिवऱ्यापर्यंत यायला लावलं. पण तुमी म्हणालात, मेघालीबद्दल बोलायचंय — आणि सर, तिच्याबद्दल आता कोणी बोलतच नाय. मी ओट्यावर येऊन बसलो की लोक मासळीचा भाव बोलतात. सून बोलत नाय, मुलगा तर घरीच थांबत नाय, जादा पाळ्या घेतो. म्हणून मी म्हटलं, या. 

बंद नका करू ते. नका. उघडं राहू दे, मला वाचता येत नाय तरी. तुमची काय चूक त्यात? बसा. एक विचारू का, खरं सांगाल? बरं वाटावं म्हणून नको. तिला शेवटी शेवटी उतरवत असतील, तेव्हा समोरच्या पोरी दमलेल्या, कोणी मन लावून खेळत नसेल, म्हणून तिचं एवढं झालं असेल — असं असेल का? … असूही शकतं. बरं. थोड्या मिनिटांवरून पक्कं नाय सांगता येत. बरोबर हाय, घडीभराच्या डोलीवरून अख्ख्या पाण्याचं कसं सांगणार. म्हणून तर तुमी बघायला आलात, पूर्ण वेळ खेळवून. आणि आता ते बघता नाय येणार. म्हणजे ती होती का तशी, ते तुमालापण कधी कळणार नाय आणि मलापण नाय.

नाय, पुसू द्या, डोळ्याला खार लागतो इथं.

त्यात सगळे सामने हायत का? तो तारापूरवाल्यांचा, पालघरच्या मैदानावरचा? त्यात तिच्यासमोर रिकामं असेल बघा. ती खेळलीच नव्हती, मी होतो तिथं. … कसं असेल? नीट बघा, दुसरी मेघाली असेल. … शेवटची चार मिनिटं? आणि सामना तेव्हा कोणाकडे होता? … तारापूरवाल्यांकडे. आणि संपला तेव्हा? … हं. हे तिनंच केलं सगळं? तुमी ह्या ओळीवर बोट ठेवा, मला ओळ बघू दे. एवढीशीच हाय.

लय भारी खेळली होती म्हणजे.

जिवल्या, अरे ए जिवल्या, राहू दे ते बोंबील, इकडे ये. हे सर मेघालीसाठी आलेत. ऐक काय म्हणतात — आपण गेलो होतो ना त्या सामन्याला, त्यात ती उतरली होती. शेवटी. तारापूरवाल्या जिंकत होत्या आणि हिनं फिरवला सामना. आपण निघून गेल्यावर. थोडं थांबलो असतो तर दिसलं असतं, पण पाण्याची वेळ झाली होती ना रे? डोल काढायची होती ना आपल्याला? सांग ह्यांना, नायतर ह्यांना वाटेल, कसला हा आजा, पोरीला बाकावर बघून उठून गेला. … बोल की. … तुमी निघा सर, तुमची एसटी चुकेल, हा निघाला परत बोंबलांकडे. परत या कधी. या हं. … काय? मोठ्यानं बोल. … ऐकलंत सर, काय म्हणाला हा? म्हणाला, “रामनाथ, त्या दिवशी भांगाचं पाणी होतं. डोली घरीच होत्या.”