गुणगुणीची जागा

लेक : मामा, आवाज कमी कर जरा. पलीकडे आत्ता कुठे बाळाचा डोळा लागलाय.

मामा : अगं, याच गाण्यांवर झोपते ना ती? बंद केलं तरच उठेल. बाई, तुम्ही अशा उभ्या का? बसा त्या पियानोच्या स्टुलावर. करकरतं, पण पाडत नाही कुणाला.

दुभाषी : बसते. पण आधी मला नीट सांगा, माझ्याकडून काय हवंय ते. मी जहाज कंपनीत पोर्तुगीज कागद वाचते. माल किती, बंदर कुठलं, नुकसान कुणाचं. गाण्याबिण्यातलं मला काही कळत नाही.

मामा : गाण्यातलं मला कळतं, शब्दांतलं तुम्हाला. दोघं मिळून एक शहाणा माणूस होईल. ही टेपवर गातेय ना, ती माझी थोरली बहीण. हिची आई. जॅझ वाजवायची, गायची, तिच्या रेकॉर्डही निघाल्या. पण ही ब्राझीलची गाणी, बोसा नोव्हा, ती तिने कधी बाहेर गायली नाहीत. याच खोलीत पियानोवर बसायची आणि मी टेप चालवायचो. खाली कपड्यांना इस्त्री करणाऱ्यांचं दुकान आहे, त्यांचं वाफेचं यंत्र फुसफुसत असतं. त्यांची सुट्टी असेल त्या दिवशीच आमचं रेकॉर्डिंग.

लेक : आता एका कंपनीला ती काढायचीत. ते म्हणाले, शब्द तपासून द्या. नाहीतर ती भाषा येणारी माणसं हसतील.

दुभाषी : का हसतील? तुमच्या आईला पोर्तुगीज येत नव्हतं?

मामा : ओ की ठो नाही! रेकॉर्ड ऐकून ऐकून पाठ करायची. आणि एखादा शब्द कानाला सापडलाच नाही, तर तेवढ्या जागी गुणगुणायची. इतकी झोकात गुणगुणायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, गाणं मुळातच असं आहे. प्रत्येक गाण्यात तीन-चार जागा तरी आहेत अशा. तेवढ्या तुम्ही सोडून द्या.

दुभाषी : बरं. लावा मग.

मामा : हे घ्या. पहिला स्पूल.

दुभाषी : हं... ‘दुपार झाली, होडी रिकामी’... उच्चार कच्चे आहेत. ‘वाळूवर तुझी पावलं’... इथे तर शब्दच भलता झालाय. कळतंय मात्र. एक विचारू? सगळी गाणी अशीच का? समुद्र, दुपार आणि कुणीतरी निघून गेलंय.

मामा : साधारण तेवढंच भांडवल. पण गातात कशी, तर काही बिघडलंच नाही अशी. म्हणून तर तिला आवडायची. ऐका, आता येईल गुणगुण. ही आलीच...

दुभाषी : कुठे?

मामा : आत्ता... थांबा. मागे घेतो. टेपचं हेड खराब असेल, स्पिरिटने पुसतो एकदा. हं. आता ऐका.

दुभाषी : गुणगुण नाही ही. शब्द आहेत.

मामा : शब्द कसे असतील, बाई? मी इथे बसलो होतो, कानाला हेडफोन लावून. ती गुणगुणली होती.

लेक : मला वाटलं, माझाच काहीतरी घोळ होतोय.

मामा : म्हणजे? तुला माहीत होतं?

लेक : पिटुकलीला रोज दुपारी लावते मी ही गाणी. लहानपणापासून ऐकलेली, कुठे गुणगुण आहे ते मला झोपेतसुद्धा सांगता येईल. गेल्या महिन्यापासून एकेका जागी शब्द यायला लागले. म्हटलं, जागरणं चाललीत, डोकं ठिकाणावर नाही. म्हणून तर या बाईंना बोलवू म्हणाले. कंपनीचं निमित्त झालं.

मामा : आणि हे मला आत्ता सांगतेस!

लेक : तू म्हणाला असतास, झोप काढ जरा.

मामा : आत्ताही तेच म्हणतोय.

दुभाषी : एक गोष्ट सांगू का? बाकी गाण्यात यांचे उच्चार पाठ केलेल्या माणसासारखे आहेत. या ओळीत तसे नाहीत. इथे त्या तिकडेच जन्मलेल्या बाईसारख्या बोलतायत. सहज.

लेक : काय म्हणतेय?

दुभाषी : ‘पडदे बदललेस. निळे बरे दिसतात.’ गाण्याशी काहीच संबंध नाही याचा... तुम्ही दोघं असे काय बघताय?

मामा : बाई, मागे वळून बघा. पडदे.

दुभाषी : निळे आहेत. मग?

लेक : मी लावले ते. आईच्या वेळी पिवळे होते, जाड. आई जाऊन वर्ष झालं, बाई.

दुभाषी : योगायोग असेल. निळा शब्द समुद्राच्या गाण्यात येणारच.

मामा : असं आपण म्हणू. सगळ्यांनी मिळून म्हणू. आणि टेप बंद करून चहा घेऊ.

लेक : दुसरा स्पूल लाव, मामा.

मामा : अगं पण...

लेक : लाव. नाहीतर मी लावते. मला टेप अडकवता येत नाही नीट, तुटली तर तुझ्या बहिणीची तुटेल.

मामा : धमक्या मात्र थेट आईसारख्या देतेस. घे. हे संथ आहे. डावा हात ऐका तिचा, पाण्यावर चालल्यासारखा जातो... आता येईल जागा.

दुभाषी : ‘ती रडते तेव्हा उजव्या कुशीवर निजव. तूही तशीच निजायचीस.’

लेक : आई गं.

मामा : रडू नकोस. अगं, रडू नकोस ना. बाई, पुढे काही आहे?

दुभाषी : पुन्हा गाणं. होडी, किनारा... परत कच्चे उच्चार. हां, आता परत स्पष्ट झालं. ‘माझ्या...’ नको. हे मी सांगत नाही.

मामा : आता सांगाच. अर्धवट ठेवलंत तर माझ्या छातीत धडधडायला लागेल.

दुभाषी : ‘माझ्या स्टुलावर पाहुणी बसली आहे. बसू दे तिला. फार ताठ बसते बिचारी.’

मामा : अहो, उठू नका अशा एकदम! पडाल! ही इकडे खुर्ची घ्या.

दुभाषी : माझी पर्स कुठे आहे? हे पाहा, तुम्ही माझी चेष्टा करत असाल तर ती चांगली नाही. मी वयाने...

लेक : बाई, आम्हाला त्या भाषेतला एक शब्द येत नाही. चेष्टा करायची तर आधी शिकावी लागेल. प्लीज थांबा. तुम्ही गेलात तर ती काय म्हणतेय ते मला कधीच कळणार नाही. मला दिवस गेलेत हे आईला कळलंच नाही हो. डॉक्टरांनी नक्की सांगितलं की तिला सांगू, असं ठरवलं होतं. त्याच आठवड्यात गेली ती. नात झाली, मोठी होतेय, आणि जिला सगळ्यात आधी सांगायचं तिलाच... तेवढ्यासाठी थांबा.

दुभाषी : पाणी द्या मला थोडं.

मामा : हे घ्या. मलाही लागणार आहे.

दुभाषी : लावा पुढचं. मी उभी राहूनच ऐकते.

मामा : पोरी, हा तिसरा स्पूल नको. माझं ऐक.

लेक : का?

मामा : हे गाणं ती पाळण्यापाशी म्हणायची.

लेक : माझ्या?

मामा : तुझ्या नाही. तुझ्याआधी एक होती. तुला सांगितलं नव्हतं कुणी. तिनेच सांगू दिलं नाही. महिनाभराची असताना तापाने गेली. तिला नाव ठेवलेलं नव्हतं, नावावरून घरात वाद चालले होते. नंतर तुझी आई या खोलीत बसून एकच म्हणायची, हाक मारायला नावसुद्धा नाही रे माझ्याजवळ. पुढे तू झालीस, पण हे गाणं तुला तिने कधी म्हटलं नाही. फक्त टेपवर गायली, एकदाच. जवळजवळ सगळं गुणगुणून.

लेक : मग तर ऐकायलाच हवं.

मामा : अगं, तुझ्या मुलीलाही अजून नाव नाही! समजतंय का तुला मी काय म्हणतोय ते?

लेक : लाव, मामा.

दुभाषी : लावा. लवकर होऊन जाऊ दे.

मामा : लावतो. नाहीतरी माझं कोण ऐकतंय या घरात?

दुभाषी : ‘सांज झाली’... ‘वारा पडला’... हं, आता स्पष्ट. ‘तिचं नाव काय ठेवलंस?’

लेक : आणि?

दुभाषी : आणि काही नाही. पियानोसुद्धा थांबलाय. टेप चालू आहे ना? हां, आलं. पुन्हा तेच. ‘तिचं नाव काय ठेवलंस?’ पुन्हा शांत.

मामा : या गाण्यात अशी थांबण्याची जागा नाही. मी शपथेवर सांगतो. कुठेही नाही. ती मधे थांबलेली मला चाललंच नसतं, टेप महाग होती.

लेक : वाट बघतेय ती.

मामा : टेप ऐकवते गं, ऐकत नाही! यंत्र आहे ते. मी स्वतः किती वेळा उघडून तेल घातलंय त्याला.

लेक : मग तू घाबरतोस कशाला?

मामा : घाबरतोच मी! तुझी आई जिवंत असताना तिला घाबरायचो, आता तर काय! पोरी, नीट ऐक. बिननावाचं लेकरू हातातून गेलं तिच्या. तेव्हापासून तिला हाक मारायचीय. कुणालातरी. तू तिच्या हातात नाव दिलंस, आणि तिने हाक मारली, तर? हाक मारल्यावर माणूस काय करतं? जातं ना त्या दिशेला?

लेक : माझी आई माझ्या मुलीचं वाईट करेल?

मामा : वाईट करणार नाही गं. माया करेल. मला त्याचीच भीती वाटते.

दुभाषी : परत विचारतायत. तिसऱ्यांदा. आवाज जरा बारीक झालाय. थकल्यासारखा.

लेक : मामा, तिला पाच महिने होतील आता. सगळे विचारतात नाव काय, नाव काय. नवरा बोटीवरून फोन करून विचारतो. मी सांगते, सुचत नाही. खोटं सांगते. जन्मली त्याच दिवशी सुचलं होतं. पण आईच्या आधी दुसऱ्या कुणाला सांगावंसं वाटेना. त्यालाही नाही सांगितलं. वेडेपणा आहे, माहितीये मला. पण ती विचारतेय ना आता? तुम्हा दोघांसमोर विचारतेय. मी गप्प बसले तर उद्या टेपवर परत नुसती गुणगुण असेल, आणि मग जन्मभर मी काय करू?

मामा : निदान मोठ्याने बोलू नकोस. भिंतीपलीकडे पोर आहे.

(लेक टेपरेकॉर्डरवर वाकते आणि कुजबुजते. फिरणाऱ्या स्पूलच्या आवाजात ते दोघांनाही ऐकू येत नाही.)

दुभाषी : पियानो सुरू झाला.

मामा : हं. हेच. हीच चाल. आता कशी वळणावर आली बघा... गुणगुणतेय! पहिल्यासारखी गुणगुणतेय! बाई, आहेत का शब्द?

दुभाषी : नाहीत. नुसती गुणगुण आहे.

मामा : सुटलो. संपलं एकदाचं. पोरी, तुझं मन शांत झालं ना? तिचंही झालं असेल. चला, आता खरंच चहा टाकतो. बाई, साखर किती?

लेक : गाणं संपलं नाहीये अजून.

मामा : संपत आलंय. शेवटचं कडवं. हेही सगळं गुणगुणूनच...

दुभाषी : नाही. इथे एक शब्द आहे.

मामा : कसला शब्द?

दुभाषी : मला लागत नाही. पोर्तुगीज नाहीये तो. छोटासा आहे. परत म्हणाल्या. ताई, हा तुमच्या ओळखीचा आहे का? ताई?

लेक : हो.

दुभाषी : अर्थ काय?

मामा : अर्थ विचारू नका, बाई. तिचं तोंड बघा. पोरी, तेच का? तू सांगितलंस तेच?

लेक : तेच. किती छान म्हणते नाही? मी मनातल्या मनात म्हणून बघितलं होतं, पण असं नव्हतं येत मला.

दुभाषी : हाक मारल्यासारखं म्हणतायत. एकदा म्हणतात, मग थांबतात.

मामा : उठली वाटतं पोर. आवाज येतोय आतून.

लेक : रडत नाहीये.

मामा : मग स्वतःशी बोलत असेल. बाळं बोलतात अशी हुं हुं करत.

लेक : नाही, मामा. नीट ऐक. आता आई... आता ती. परत आई... आता ती.

दुभाषी : मी बंद करते हे. कुठलं बटण? सांगा ना, कुठलं बटण?

मामा : बटण मी बघतो! पोरी, तू जा आत, आधी उचलून घे तिला!

लेक : थांब ना, मामा. पहिल्यांदाच ओ देतेय ती.