नवव्या वळणावरचा आवाज

वडील : ब्रेक! अगं, ब्रेक!

मुलगी : बाबा, तुमच्या पायाखाली ब्रेक नाहीये. उगाच मॅट झिजवू नका.

वडील : सवय गं. तीस वर्षं या घाटात बस चालवलीय.

मुलगी : आणि तीस वर्षांत एकदाही दरी बघितली नाहीत. म्हणून तर आणलंय. उद्या बोगदा सुरू होणार, हा रस्ता आज अंधार पडला की कायमचा बंद. आता तरी डावीकडे बघा.

वडील : ड्रायव्हरची नजर डांबरावर. दरी बघायला पॅसेंजर असतात.

मुलगी : आईलाही म्हटलं होतं, चल. तर म्हणाली, ‘त्यांना घाटात मी नको असते.’

वडील : असं म्हणाली? काहीतरीच! ...हळू घे, नववं वळण आलं. इथं माणसं घाबरतात.

मुलगी : इथं? रस्ता तर चांगला ऐसपैस आहे.

वडील : मागून आवाज यायचा ना, रोज. ‘अगं बाई!’, ‘बाप रे!’ मग अख्खी बस चिडीचूप. रडकी पोरंसुद्धा. मी आपला बैलगाडीच्या चालीनं वळण काढायचो. लग्नानंतर तुझी आई पहिल्यांदा माझ्या बसमध्ये बसली, तीही इथंच ओरडली. म्हटलं, नको बिचारीच्या जिवाला घोर. परत कधी नेलं नाही.

मुलगी : बाबा, उतरा.

वडील : आता काय झालं?

मुलगी : गाडी बाजूला लावलीय. त्या कठड्यापर्यंत चालायचं, पन्नास पावलं. हात धरा माझा.

(दोघं कठड्याशी येतात. वडील वाकून दरीत बघतात.)

वडील : अगं बाई!

मुलगी : बघा, तुम्हीसुद्धा.

वडील : हे... हे इथंच होतं? रोज? ते पाणी बघ, एवढ्या उंचावरनं सुटतंय आणि खाली पोचायच्या आत धूर होतोय त्याचा. ढग आपल्या पायाखाली! डोंगरामागं डोंगर, त्याच्यामागं आणखी... पोरी, ऊर भरून आला बघ.

मुलगी : कोणी घाबरत नव्हतं, बाबा.

वडील : एकदा एक म्हातारा उतरताना माझा हात धरून म्हणाला, ‘फार छान दाखवलंत.’ मला वाटलं, डोक्यानं जरा कमी आहे. ...फोन लाव. तुझ्या आईला.

आई (फोनवर) : काय हो, सगळं ठीक ना?

वडील : नवव्या वळणावर उभा आहे. खरं सांग, तेव्हा तू इथं घाबरून ओरडली होतीस?

आई : घाबरेन कशाला? गाडी तुम्ही चालवत होतात की.

वडील : मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

आई : दोनदा म्हटलं, परत न्या. तुम्ही दोन्ही वेळा ‘बघू’ म्हणालात. मला वाटलं, बायको मागे बसलेली तुम्हाला चालत नाही. मग सोडला नाद.

वडील : चुकलं गं माझं. फार चुकलं. ऐक, तयार राहा. तासाभरात न्यायला येतो, उजेड आहे तोवर परत इथं पोचू.

आई : आत्ता? आणि गाडी कोण चालवणार?

वडील : लेक चालवतेय.

आई : म्हणजे... तुम्ही माझ्याशेजारी बसणार?