शालीचा वास

नाकाच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या शिक्षिकेच्या कानावर शेजारच्या दोघांचं बोलणं पडत होतं.

"काका, तुम्ही रिटायर झालात आणि इकडे गटाराच्या वासापायी लोकांनी ऑफिस डोक्यावर घेतलंय. साहेब म्हणतात, सुगंधी औषध सोडा."

"त्याने नुसता वास झाकला जातो. आतला गॅस पाइपाला खातच राहतो. लोहक्षार सोडा, ते गॅसलाच धरतात."

"मग किती सोडायचे, ते एकदा येऊन वास घेऊन सांगा ना."

"माझं नाकच गेलंय रे. म्हणून तर इथे बसलोय."

"कधी कळलं?"

"काल. तुझी काकू गेल्यापासून तिची शाल उशाशी घेऊन झोपतो. काल सून म्हणाली, बाबा, ती शाल मी महिन्यापूर्वीच धुतली."

"अरेरे."

"मला तर रोज तिचा वास येत होता."