सुलोचनाकाकूंचे डोळे आणि शिरीषचा नवा दिवा

मंडळी, ऐका! एक साधा प्रश्न विचारतो. उजेड वाढवला की माणूस जास्त दिसतो — खरं की खोटं? माना डोलवू नका, मी अजून काही बोललेलो नाही!

फलटणला एक शिरीष घोलप. फोटोग्राफर. घरोघरी जाऊन बैठकीच्या खोलीत फोटो काढायचा. एक दिवस ढवणांच्या बापूंनी त्याला बोलावलं. बापू म्हणजे निवृत्त हेडमास्तर, गावाला अजून धाक. त्यांच्या पत्नी सुलोचनाकाकू लेकीच्या बाळंतपणाला कॅनडाला निघालेल्या — सहा महिने! बापूंना डॉक्टरांनी विमान बंद केलेलं. आणि घरात काकूंचा उघड्या डोळ्यांचा एक फोटो नाही! फ्लॅश उडाला की डोळे मिटलेच. लग्नात मिटले, बारशात मिटले. आणि नाव सुलोचना!

बापू म्हणाले, "शिरीष, सहा महिने मी झोपलेल्या बाईशी काय बोलू?"

आतून आवाज — "जागी असते तेव्हा तरी कुठं बोलता!"

तुम्ही म्हणाल, बुवा, व्हिडिओ कॉल आहे की! आहे ना. पण तिकडं काकूंची कामं उरकणार, तेव्हा इकडं बापू घोरत असणार. शिवाय बापूंच्या व्हिडिओत आजवर फक्त कपाळ दिसलंय.

शिरीषनं आपला गोल दिवा लावला. काकूंनी डोळे मिटले.

"काकू, उघडा!"

"उघडेच आहेत रे!" — मिटलेल्या डोळ्यांनी!

शिरीषला वाटलं, उजेड कमी पडतोय. निघायच्या दिवशी सकाळी तो नवाकोरा दिवा घेऊन हजर! बॅटरीवर चालणारा, बॅगेतून काढला की मिनिटात उभा. (आपल्यातले किती जण मिनिटात उभे राहतात, ते आरतीला बघू.) बटण दाबलं — भक्क! काकूंचे डोळे असे गच्च, की आता पुढच्या जन्मीच उघडणार!

"अजून थोडा वाढवतो, काकू."

"वाढव की! पापड आणते वाळवायला."

दुपारी गाडी येणार होती. बापू खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "राहू दे, शिरीष. मिटलेलाच काढ."

ते मात्र काकूंना लागलं. म्हणाल्या, "अरे, त्या दिव्याला भिंतीकडं तोंड करायला सांग. मग बसते."

"काकू, फोटो तुमचा काढायचाय, भिंतीचा नाही!"

"फिरव म्हणते ना!"

फिरवला. आणि मंडळी, उजेड भिंतीवर गेला, पसरला, मऊ होऊन परत आला. काकूंनी एक डोळा उघडला. मग दुसरा. क्लिक!

डोळे उघडे! पण चेहरा हिरवागार! भिंत पोपटी होती हो!

"अगं बाई, ही कैरी कोण?"

आता पांढरं काहीतरी हवं. दोरीवर बापूंचं धोतर वाळत होतं. ते भिंतीपुढं धरायचं कुणी? बापूंनी! दोन्ही हात वर, धोतर ताणलेलं, तोंडावर हेडमास्तरी.

"नीट धरा, घसरतंय!" काकू म्हणाल्या, आणि ते ध्यान बघून अशा हसल्या, अशा हसल्या — क्लिक!

फोटोत काकूंचे डोळे टपोरे उघडे. आणि नजर कुठं? बापूंवर.

बापू बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "तू अशी बघतेस माझ्याकडं?"

"रोजच बघते. तुम्ही पेपरात असता."

मंडळी, शिरीषनं मोठा दिवा घेतला ते काही चुकलं नाही. जुन्याचा उजेड भिंतीवर जाऊन तिथंच बसला असता, परत आला नसता! प्रश्न एवढाच, की दिव्याचं तोंड कुठं होतं. आपलंही तेच. आपल्याकडं माया आहे, काळजी आहे, शहाणपण तर उतू जातंय! ते आपण सुनेच्या डोळ्यांवर मारतो, मुलाच्या डोळ्यांवर मारतो, आणि वर ओरडतो — डोळे का मिटता? उजेड कमी करू नका. तोंड फिरवा. बघा, माणसं आपणहून डोळे उघडतात.

आता मंडपवाल्यांना एक विनंती. तो खांबावरचा हॅलोजन जरा छताकडं वळवा. पहिल्या रांगेतल्या आजी मघापासून डोळे मिटून बसल्यात. मला वाटलं, माझ्या कीर्तनानं समाधी लागली!

वळवा... अजून... हां!

नमस्कार, आजी.