सोमवारच्या आधीचं तेल

पाय सोडा, साहेब, आधी पाय सोडा — चोर नाही मी. चोर कधी गाडीखाली उताणा पडून गाणं गुणगुणतो का? आणि असं ओढू नका हो, नाकावर टनभर लोखंड आहे. हां. आता कसं. आता तुमचे बूट दिसले मला. तपकिरी, नाडीचे, डाव्या बुटाची नाडी सुटलीय. शेजारी बॅग. म्हणजे — म्हणजे तुम्ही बाईंचे चिरंजीव! आलात? या, या! हात मिळवला असता, पण दोन्ही हात कोपरापर्यंत काळे आहेत. मी तो. तोच. पलीकडच्या गल्लीतला, शाळेची बस चालवायचा तो — तुम्ही बसायचात की माझ्या बसमध्ये, तिसऱ्या बाकावर, आणि मोठं वळण आलं की ओकायला पिशवी पुढे! बाईंनी सगळं सांगितलंच असेल म्हणा. सोमवारी अकरा वाजता, नोंदणीच्या कचेरीत. मी नवा शर्ट शिवलाय. या वयात! शिंप्यानं विचारलं, कुणाचं लग्न आहे काका, तर मी म्हटलं, आहे एकाचं. तुम्ही आलात, फार बरं झालं. होकार फोनवर देता आला असता, पण तुम्ही स्वतः आलात. बाईंनी आधीच बजावलं होतं मला — मुलानं नाही म्हटलं तर आपण करायचं नाही, विषय तिथंच संपवायचा, चहा प्यायला मात्र येत जा. मी म्हटलं, बरोबर आहे. चार रात्री झोपलो नाही, पण म्हटलं, बरोबर आहे.

बाई? बाई घरात नाहीत. वॉशर आणायला गेल्यात, कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात, चालत — येतीलच दहा मिनिटांत. त्याचं काय झालं, सांगतो. मी तसा बोलणारा माणूस नाही, कुणालाही विचारा, एकतीस वर्षं बस चालवली ती 'आत सरका' आणि 'हात आत घ्या' एवढ्या दोन वाक्यांवर. पण आज जीभ थांबत नाही. माणूस हरखला की पाय जमिनीवर राहत नाहीत म्हणतात — माझे तर आत्ताही हवेतच आहेत, बघा, एक तुमच्या बॅगेला लागतोय. तर, सगळं नेमानं केलं मी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा. जॅकवर उचलली, आणि मग खाली या लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर ठेवून गाडीखाली शिरायचं नाही, कधी नाही — जॅकचा भरवसा नसतो हो, आमच्या डेपोत एकाची बरगडी गेली. घोड्या लावल्यावर गाडीला दोन्ही हातांनी धक्का देऊन पाहिला, मग खाली आलो. इंजिन आधी पाच मिनिटं चालवलं, मग बंद करून निवू दिलं. तेल कोमट हवं म्हणजे सरसर उतरतं, पण कढत असलं आणि मनगटावर आलं की कातडं सोलून निघतं. टब खाली सरकवला — हो, तुमचाच तो! लहानपणी तुम्ही आंघोळ करायचात ना त्यात, बदकाचं चित्र आहे अजून. बाईंनीच काढून दिला. मग खालचा बोल्ट सोडला, तेल लागलं धारेनं पडायला, आणि मग — मग माझ्या लक्षात आलं की बोल्टाचा वॉशर पार झिजलाय. आधी बघायला नको? एकतीस वर्षांत अशी चूक केली नाही. वॉशर हातात घेतल्याशिवाय बोल्ट सोडायचा नाही, हे मी शिकाऊ पोरांना शिकवायचो! आणि इथं धार चालू, वॉशर नाही, बाई पदर खोचून निघाल्या दुकानात. जाताना हसत होत्या. मला नाही, वॉशरला.

 बूट जागचे हलत नाहीत तुमचे. दमला असाल प्रवासानं. बसा की त्या पायरीवर.

काय म्हणालात?

'महत्त्वाचं बोलायचंय, ताबडतोब ये' — एवढंच? एवढंच लिहिलं होतं त्यांनी? बाकी काहीच — म्हणजे कचेरीचं — म्हणजे माझं —

बाप रे.

नाही, नाही, नाही, तब्येत ठणठणीत आहे! अगदी ठणठणीत, मघाशी ती विटांची पाटी त्यांनीच उचलून आणली. तुम्ही रात्रभर काय-काय मनात आणत आला असाल! काही नाही झालेलं हो. झालंय ते फक्त मी. मी झालोय त्यांना. आता काय करू मी, मला तर उठताही येत नाही, धार चालू आहे, वॉशर नाही — बाई म्हणाल्या होत्या, मी समोर बसवून सांगीन त्याला, हळूहळू, जेवण झाल्यावर. आणि मी सांगून बसलो बुटांना! मला वाटलं, न राहवून त्यांनी आधीच लिहून टाकलं असेल, म्हणूनच मुलगा आला. ओ, कुठं निघालात? थांब रे! — माफ करा, अरे-तुरे झालं, बसमधली सवय. जाऊ नका. निदान बाई येईपर्यंत तरी. फाटकाशी उभे राहा हवं तर, पाठ करून राहा, पण फाटकाबाहेर नको. त्या फाटक उघडून आत आल्या आणि तुम्ही नाहीत, फक्त माझे पाय आहेत, असं नको.

थांबलात, बरं केलंत. तुम्हाला वाटत असेल, हे कधी जुळलं. काही जुळवलं नाही हो. निवृत्त झाल्यावर मला एक फॉर्म भरायचा होता. मला अक्षरं येतात, पण धावती नाहीत, एकेक करून येतात, पाटीवर गिरवणाऱ्या मुलांसारखी. नातेवाइकांना कितीदा सांगायचं? म्हणून बाईंकडे आलो. बाईंनी फॉर्म भरून दिला नाही. म्हणाल्या, बसा, तुम्हीच भरा. पाऊण तास लागला. जाताना म्हणाल्या, उद्या या, पुढचा धडा. मी आलो. फी विचारली तर म्हणाल्या, मला गाडी शिकवा.

गाडी शिकवा! चौसष्टाव्या वर्षी! मला वाटलं थट्टा करतायत. आच्छादन काढलं तर बॅटरी मेलेली, टायर बसलेले, डॅशबोर्डवर कोळ्यानं संसार थाटलेला. तीन वर्षं उभी होती ना तुमचे बाबा गेल्यापासून. महिनाभर लागलो तिच्या मागं. मग पाठीमागच्या मोकळ्या मैदानात धडे. काय सांगू तुम्हाला! पहिल्या दिवशी क्लच असा सोडला की माझी टोपी मागच्या सीटवर. दुसऱ्या दिवशी माझं कुंपण गेलं. हो, माझंच, मैदानाला लागून आहे. बाई उतरल्या, कुंपणाकडे पाहिलं, म्हणाल्या, हे इथं कशाला लावलंत? मी इतका हसलो, इतका हसलो, की खाली बसलो. बायको गेल्यापासून तेवढा हसलो नव्हतो. आणि ज्या दिवशी चौथा गिअर पडला ना, सरळ रस्त्यावर, काच खाली, त्या दिवशी त्या रडायला लागल्या. मी म्हटलं, बाई, गाडी बाजूला घ्या. तर म्हणाल्या, नाही घेणार, बावीस वर्षं मी त्या बाजूच्या सीटवर बसले, ह्यांना म्हणायचे एकदा देऊन तर बघा, तर म्हणायचे, तुला नाही जमायचं —

हे नको होतं बोलायला. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं मला. तोंडाला झाकण नाही आज. तुमच्या बाबांच्या मनात वाईट नव्हतं हो, ते जिवाला जपायचे त्यांच्या. बघा, बूट फाटकाकडे फिरले तुमचे. रागवा, रागवा. तुमचा हक्क आहे. पण ऐका, मला त्यांच्या जागेवर बसायचं नाही. मी बाजूच्या सीटवर बसणार आहे. सोमवारी गाडी बाई चालवणार आहेत, त्यांचं लायसन्स आलंय, म्हणून तर हे तेल! बाईंच्या हातात गाडी आणि आत तीन वर्षांपूर्वीचं काळं तेल, हे माझ्यानं सहन झालं असतं का? आणि तुम्ही नाही म्हणालात तर नाही, मी शब्दाचा माणूस आहे. तेल तरीही बदलून देईन. तेलाचा त्याच्याशी संबंध नाही.

धार आता थेंबावर आली. टबाचा तळ झाकला, बदकाच्या पायांपर्यंत. हे गटारात नाही ओतायचं, कॅनमध्ये भरून गॅरेजला देणार आहे, ते पुढं पाठवतात. आता फिल्टर. हा डबा सोडतो... हाताला घसरतोय... आला. आणि हे काय — थांबा. यावर लिहिलंय काही. पांढऱ्या पेनानं. मला चष्म्याशिवाय — इकडे या, घ्या तुम्ही. हा घ्या, खालून देतो, जपून, तेल सांडेल. हे अक्षर तुमच्या बाबांचं असणार, दुसरं कोण लिहिणार. तारीख ना? आणि खाली? 'हातानेच. पाना लावू नये.' वा! वा, काय माणूस! बरोबर लिहिलंय, फिल्टर हातानंच आवळायचा, पान्यानं आवळला की पुढच्याच्या घामाच्या धारा. त्या पुढच्यासाठी लिहून ठेवलंय बघा. आणि पुढचा मी निघालो. इतका सहज सुटला हो हातानं. मी मनातल्या मनात नमस्कार केला त्यांना आत्ता.

तुम्ही खाली बसलात. गुडघे दिसतायत मला. पँट खराब होईल.

बसा, बसा. बघा निवांत ते अक्षर. मी तोवर नवा फिल्टर चढवतो. रबराला नवं तेल बोटानं लावलंय, असं गोल, म्हणजे पुढच्या वेळी चिकटत नाही. आता आटे जुळवून —

काय? काय म्हणालात? कसली रिंग?

तुमच्या हातातल्या जुन्या फिल्टरला रबर नाहीये? खोबण रिकामी? थांबा, थांबा. टॉर्च! टॉर्च दाखवा इकडे, तुमच्या डाव्या हाताला आहे. हां, जरा वर... आई गं. आहे. वरच चिकटून राहिलीय, इंजिनाला, काळ्यावर काळी. आणि मी तिच्यावर दुसरा चढवत होतो! दोन रबरं एकावर एक कधी धरत नाहीत, दाब आला की सरकतं आणि सगळं तेल एका मिनिटात रस्त्यावर. सोमवारी. भर चौकात. बाईंच्या हातात स्टिअरिंग. मागं बस. अरे देवा.  तुम्हाला कसं कळलं? बाबा दाखवायचे? तुमच्याकडून मोजून घ्यायचे — डबा एक, रबर एक, मगच नवा? म्हणजे टॉर्च धरायला तुम्हीच असायचात तर. बरोबर, म्हणूनच उजेड नेमका पडतोय, नाहीतर लोक टॉर्च माझ्या डोळ्यांत मारतात.

निघाली. ही घ्या, जुन्या डब्यात टाका. पुसून घेतो नीट... झालं. आता मोजा. डबा एक. रबर एक. आता चढवतो.

का? आधी काय? द्या म्हणता फिल्टर? घ्या. पांढरा पेन टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात आहे. मीच आणला होता, पण म्हटलं माझं अक्षर बघून फिल्टरच लाजेल. लिहा, तारीख लिहा, तुमच्या बाबांची रीत चालू राहील. बरीच लांब तारीख आहे तुमची. काय एवढं लिहिताय? द्या इकडे. चष्मा... चष्म्यावर तेल आहे, राहू द्या, जवळ धरतो. थांबा, सांगू नका हं, मी वाचतो. बाईंचा विद्यार्थी आहे मी. ही आजची तारीख. 'हा-ता-ने-च. पा-ना ला-वू न-ये.' हे पाठच आहे. आणि खाली... 'आ-ई...' हे काय, 'चा...' 'चा-ल-व...'

'आई चालवते.'

परत वाचू का? एकदाच वाचतो. आई चालवते.

टॉर्च जरा बाजूला घ्या, साहेब. नाही, काही नाही, डोळ्यांत काही गेलं नाही, बाजूला घ्या म्हटलं. मी आवळतो हे. हातानंच आवळतो. रबर टेकलं की तिथून पाऊण फेरा, बस्स. वॉशर आला की बोल्ट बसवतो, वरून नवं तेल मी भरतो, पट्टीवर दोन खुणांच्या मध्ये बघतो, चालू करून लाल दिवा विझतो का बघतो, खाली वाकून गळतंय का बघतो, सगळं करतो मी, तुम्ही —

फाटक वाजलं. त्या बाईंच्या चपला. वॉशर आणला वाटतं, मूठ घट्ट आहे.

जा, जा तुम्ही पुढं. मी काही सांगितलेलं नाही, तुम्ही काही ऐकलेलं नाही, जेवण झाल्यावर त्या हळूहळू सांगतील, तेव्हा जरा दचका. दचकता येतं ना? आणि बूट दारातच काढा, दोन्ही बुटांचे तळ तेलात आहेत. फरशीवर ठसे उठले तर बाई आधी तुम्हाला ओरडतील, मग मला. जा. आणि तो वॉशर तेवढा इकडे पाठवा.