थायलंडातलं ‘येतो’

आटपाट दिघी बंदर होतं. तिथं राहायची मी आणि माझी नात सुमन. सुमन कॉलेजतर्फे, मास्तर आणि वर्गातल्या पोरांबरोबर, थायलंडला निघाली. तिथल्या चालीरीती शिकायच्या आणि पाण्यात उतरून मासे धरणारं रानमांजर बघायचं. मी म्हटलं, "अगो, मासे पळवणारी मांजरं आपल्या जेटीवर काय कमी हायत? त्याला विमान कशाला?"

"ते वेगळं गो आजी! त्याचा फोटो मिळाला तरच पुढं शिकायला शिष्यवृत्ती."

आठवडा गेला, पण मांजराची शेपटीसुद्धा दिसली नाही. शेवटच्या दिवशी पोरं ज्या बाईकडे उतरली होती, तिचा निरोप घ्यायची वेळ आली. आपल्यात ‘जाते’ म्हणू नये, अभद्र असतं. म्हणून सुमन त्या बाईच्या भाषेत म्हणाली, "येतो आम्ही."

बाईला वाटलं, पोरं परत येणार! तिनं टोपलीभर मासे आणून रांधले आणि संध्याकाळी फोन केला, "कुठं राहिलात रे? जेवण गार झालं!"

मास्तर भडकले. "सुमन, काय बोललीस तू तिला?" पण शिजलेलं अन्न टाकायचं कसं? गाडी मागे फिरवली. पोरं पानावर बसतात तोच परसात, माशांची डोकी टाकली होती तिथं, हा एवढा ठिपक्यांचा रानबोका! सुमननं खरकट्या हातानंच फोटो काढला.

शिष्यवृत्ती मिळाली. आमच्या घरातली पहिलीच पोर एवढं शिकतेय. मांजर आडवं आलं आणि घराचं नशीब उघडलं, असं दुसऱ्या कुणाचं ऐकलंय का तुम्ही?