गोलकीपर उसामा यास दिलेल्या तीन गुणांबाबत

नाव : शौकत इस्माईल सरखोत. वय : ४८ वर्षे. धंदा : एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर नोकरी. राहणार : बत्था, रियाध. मूळ गाव : बाणकोट, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, सोबत आणला होता, तो साहेबांनी पाहून परत दिला.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मला अरबी दुकानापुरती येते, जबाबापुरती येत नाही. म्हणून मी मराठीत बोलत आहे. दुभाषी श्री. विनय हे माझे बोलणे आधी मराठीत उतरवून घेतात व मग त्याचे अरबी करतात. या कामासाठी मी दुकान सोडून येण्याची ही तिसरी खेप आहे. पहिल्या दोन वेळा दुभाषी मिळाले नाहीत. माझा मालक आता मला सुटी विचारू देत नाही, हेही लिहून घ्यावे.

उसामा दाऊद मुकादम हा गावाकडे आमच्याच भागातला, वय २९. तो रियाधमधील एका कंपनीच्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. बुधवारी कामावर असताना रॅकवरची खोकी आपल्या उजव्या खांद्यावर पडली, अशी त्याची तक्रार आहे. कंपनी म्हणते की गोदामात काही पडले नाही, खांदा शुक्रवारी फुटबॉल खेळताना गेला. कंपनीचे खरे धरले तर त्याचे ऑपरेशन इथे होणार नाही. हात आहे तसा घेऊन त्याला फायनल एग्झिटवर, म्हणजे नोकरी संपवून कायमचे, गावी जावे लागेल. ओझी उचलणाऱ्या माणसाचा उजवा हात गेला म्हणजे काय होते, हे साहेबांना मी सांगायला नको. म्हणून शुक्रवारी मी काय पाहिले ते सांगतो.

आमच्या भागातल्या मुलांचा ‘किनारा इलेव्हन’ नावाचा संघ आहे. परदेशी कामगारांच्या संघांचे सामने दर शुक्रवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजानंतर भाड्याच्या मैदानावर होतात. मी खेळत नाही. मी आणि आणखी पाच-सहाजण सामना पाहतो. सामना संपला की मैदानाला लागून असलेल्या बुफियात, म्हणजे चहा-सँडविचच्या टपरीत, बसून प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण देतो. मग मी ते सर्वांसमक्ष फोनवर बोलून संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. खेळाडूही त्याच ग्रुपमध्ये आहेत. ते ऐकतात, दोन दिवस रुसतात आणि पुढच्या शुक्रवारी परत येतात.

याचे दोन नियम आहेत. डोळ्यांनी पाहिलेले कारण सांगितल्याशिवाय गुण द्यायचा नाही. आणि एकदा दिलेला गुण बदलायचा नाही. दुसरा नियम मीच केला होता, कारण पूर्वी गुण दिल्यावर रात्रभर फोन यायचे. दत्तात्रय केळकर, ज्यांना सगळे दत्ताकाका म्हणतात, ते एका कंपनीत अकाउंटंट आहेत. ते दर वेळी सगळ्यांना सात देतात. त्यांचे गुण आम्ही धरत नाही.

त्या शुक्रवारी आम्ही चार-एकने हरलो. आमचा संघ काय लायकीचा आहे हे मला ठाऊक आहे, पण त्या दिवशी खेळले ते बघवत नव्हते. पुष्कर हा आमचा फॉरवर्ड, लॅबमध्ये टेक्निशियन आहे. समोर मोकळा गोल असताना त्याने चेंडू पार्किंगमध्ये घातला. त्याला मी चार दिले. कॅप्टन फहाद स्वतः खेळण्यापेक्षा दुसऱ्यांना हात दाखवण्यात दमला. त्याला पाच. बाकीच्यांचे सांगण्यासारखे नाही. साहेबांनी विचारले की उसामाशी माझे काही वैर आहे का. वैर नाही. त्या दिवशी माझे डोके सगळ्याच अकरा जणांवर फिरले होते.

उसामा गोलकीपर आहे. सामना सुरू झाल्यावर थोड्याच वेळात आमच्या डाव्या कोपऱ्यातून कॉर्नर आला. चेंडू उंच होता, पण उसामाच्या आवाक्यातला होता. एरवी असा चेंडू तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरतो. त्या दिवशी त्याने फक्त डावा हात वर केला. उजवा कोपरात मुडपून पोटाशीच राहिला. चेंडू त्याच्या बोटांना लागून आत गेला. तोपर्यंत तो एकदाही पडला नव्हता व त्याला कोणाचा धक्काही लागला नव्हता. मी गोलाच्या मागेच, जाळीला धरून उभा होतो.

त्यानंतर चेंडू हाती आला की तो डाव्या हाताने फेकू लागला. तो डावरा नाही. गोलकिक फहाद येऊन मारत होता. हे मी सर्व पाहिले आणि मला फक्त राग आला. याला काहीतरी झाले असेल, असे माझ्या मनात एकदाही आले नाही.

दुसऱ्या हाफमध्ये तो एकदा उजव्या बाजूला पडला, हे खरे आहे. मी ते लपवत नाही. पडल्यावर तो उठेना. तेव्हा मी जाळीमागून “नाटक पुरे, ऊठ” असे ओरडलो. तो उठला. कंपनी याच पडण्यावर बोट ठेवते. पण हात त्याच्या आधीपासून, पहिल्या कॉर्नरपासून वर जात नव्हता. माझ्या जबाबात महत्त्वाचे एवढेच आहे.

बुफियात बसून मी नेहमीप्रमाणे गुण बोलून ग्रुपवर टाकले. उसामाबद्दल मी जे बोललो ते असे : “उसामा. पहिलाच कॉर्नर, नि हा एका हातानं वारा घालतोय. अरे, उजवा हात गावाला ठेवून आलास काय? थ्रो डाव्या हातानं, किक दुसऱ्यानं मारायची, मग तू उभा कशाला? तीन गुण. ते पण आलास म्हणून.” टेबलावरचे सगळे हसले. दत्ताकाका हसले नाहीत. ते म्हणाले, “शौकत, जरा जास्त होतंय.” मी म्हणालो, “काका, तुमचे सात तुमच्यापाशी ठेवा.”

शनिवारी संध्याकाळी फहादचा ग्रुपवर मेसेज आला की उसामाला इस्पितळात दाखल केले आहे, खांद्याचे काम मोठे आहे. कसे झाले हे त्याने लिहिले नव्हते. मीही विचारले नाही. सगळ्यांनी धरून चालले की सामन्यात झाले. कारण आम्ही त्याला पडताना पाहिले होते. थोड्या वेळाने फहादचा फोन आला. तो म्हणाला, “शौकतभाई, ते तुमचं बोलणं काढून टाका ना. पोरगा तिथं पडलाय, बरं दिसत नाही.” मला लाज वाटली. मी ते सर्वांच्या फोनवरून जाईल असे डिलीट केले.

तेवढ्याने माझे समाधान झाले नाही. म्हणून मी स्वतःचा नियम मोडून ग्रुपवर लिहिले : “उसामा मुकादम – ८ गुण. सामन्यात खांदा निकामी होऊनही शेवटपर्यंत गोल सांभाळला. किनारा इलेव्हनला त्याचा अभिमान आहे.” खाली सगळ्यांनी अंगठे दिले, दुवा दिल्या. पुष्करने तर दहा द्या असे लिहिले. मला वाटले, चूक निस्तरली.

कंपनीने आपल्या कागदांना जोडलेला फोटो याच मेसेजचा आहे. साहेबांनी तो मला दाखवला. त्यावरचे नाव व मजकूर माझा आहे. तो त्यांच्याकडे कसा गेला ते मला माहीत नाही. ग्रुपमध्ये माणसे बरीच आहेत. मी कोणावर आळ घेत नाही. पण ‘सामन्यात खांदा निकामी होऊनही’ हे शब्द मी कोणाला न विचारता, चांगले दिसावे म्हणून लिहिले. ते माझे पाहिलेले नाहीत. दुसऱ्या कोणी असे लिहिले असते तर डोळ्यांनी पाहिलेले कारण काय, हे मीच पहिल्यांदा विचारले असते.

रविवारी मी संत्री घेऊन इस्पितळात गेलो. उसामाचा हात छातीशी बांधलेला होता. मला बघून तो म्हणाला, “शौकतभाई, आठ कशाला दिलेत? तीनच बरोबर होते.” मला वाटले तो टोमणा मारतोय. मी म्हणालो, “झालं ते झालं, मनावर घेऊ नको.” तेव्हा त्याने बुधवारची हकिकत सांगितली. खोकी पडल्यावर सुपरवायझरने त्याला बाजूला घेऊन सांगितले की अपघाताची नोंद नको, वर्षभर गोदामात एकही अपघात नाही असा बोर्ड बाहेर लागला आहे, दोन दिवस हलके काम कर, खलास. उसामाच्या इकाम्याचे नूतनीकरण तोंडावर होते व ते कंपनीच्या हातात होते. तो गप्प बसला.

मी त्याला विचारले, “अरे पण मग खेळायला कशाला आलास? घरी पडून राहायचं ना.” तो म्हणाला, “जुनैद गावाला गेलाय. दुसरा गोली नव्हता.” मी म्हणालो, “नसता तर नसता. सामना सोडून दिला असता.” त्यावर तो म्हणाला, “मागच्या वेळी तुम्ही मला चार दिले होतेत. म्हटलं, या वेळी नाही गेलो तर म्हणाल घाबरला.”

मी संत्री सोलून त्याच्या डाव्या हातात देऊ लागलो.

शुक्रवारचे माझे बोलणे मी डिलीट केले होते, त्यामुळे पुरावा गेला असे मला वाटले आणि मी स्वतःला खूप दोष दिला. पण उसामाने ते त्याच दिवशी घरी जाताना बाणकोटला त्याच्या बायकोला, झेबाला, पाठवले होते. माझे ओरडणे ती दर आठवड्याला ऐकते आणि हसते, असे त्याने सांगितले. तिच्याकडून ते परत मागवून या तक्रारीत दिले आहे. त्यावरचा आवाज माझा आहे. दिवस व वेळ फोनवर दिसते, ती उसामा इस्पितळात जाण्याच्या आदल्या दिवसाची आहे.

आज ठाण्यात ते साहेबांनी मोठ्याने लावले. उसामा समोरच्या बाकावर बसला होता. श्री. विनय यांना अरबीत सांगता यावे म्हणून ते एकेक वाक्य थांबवून लावण्यात आले, त्यामुळे माझे बोलणे मला दोनदा ऐकावे लागले. साहेब हसले नाहीत. त्यांनी कॉर्नर कोणत्या बाजूचा होता, उसामाने कोणता हात वर केला, हे मला उभे राहून करून दाखवायला सांगितले. मी डावा हात वर केला आणि उजवा पोटाशी धरला. उसामाने मान हलवून ‘असाच’ असे सांगितले. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

साहेबांनी विचारले की, या माणसाला आठ गुण देणारेही तुम्ही व तीन देणारेही तुम्ही, तर आम्ही कोणते खरे धरावे. मी सांगितले की तीन पाहून दिले होते आणि आठ दया येऊन दिले होते. दयेचे कोणी विचारात घेऊ नये. जो हात बुधवारी गेला तो शुक्रवारी वर कसा जाणार होता? त्याच्याकडून जे झाले ते तीन गुणांचेच होते, आणि ते तसे का झाले याचा जबाब गोदामाने द्यावा.

काल ग्रुपमधल्या काहीजणांनी मला सांगितले की जबाबात उसामाबद्दल चार चांगले शब्द बोला, निदान सातवर आणा. दत्ताकाकांनीही फोन केला. ते म्हणाले, “शौकत, मी आयुष्यभर सगळ्यांना सात दिले. या वेळी तू तीनवरून हलू नकोस.” मी हललो नाही. माझ्या मनात त्याला किती द्यायचे आहेत ते मी साहेबांना सांगू लागलो होतो, पण साहेब म्हणाले की फक्त शुक्रवारचे सांगा. म्हणून ते इथे आलेले नाही.

वरील मजकूर श्री. विनय यांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. ‘ते पण आलास म्हणून’ हे शब्द ऐकायला बरे वाटत नाहीत, गाळू का, असे त्यांनी विचारले. मी गाळू नका असे सांगितले. आकडा खोडून कोणी बदलू नये म्हणून तो अक्षरीही लिहून घेतला आहे. सही करण्यापूर्वी मी उसामाला विचारले की असेच ठेवू ना. तो ‘असेच ठेवा’ म्हणाला. त्याप्रमाणे, गोलकीपर उसामा दाऊद मुकादम याला मी शुक्रवारी दिलेले गुण ३, अक्षरी तीन, हेच बरोबर आहेत.

सही/-
शौकत इस्माईल सरखोत